गवा आणि बुळकांडी

मुदखेडच्या शिवारात नांगर ओढणारा लालकंधारी बैल आणि दाजीपूरच्या रानातील गवा हे एकाच कुळातले. म्हणून दोघांचा वैरीही एकच होता. तो म्हणजे बुळकांडीचा रोग. जनावरास ताप येई, डोळ्यांनाकांतून पाणी वाही, तोंडात व्रण पडत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते दगावे.

गावची गुरे रानात चरत व गव्यांच्याच पाणवठ्यावर पाणी पीत. त्यांच्यामागून रोगही रानात शिरे. १९६८ साली आजच्या कर्नाटकातील बंदीपूर व त्यालगतच्या मुदुमलाईच्या अरण्यांतील गव्यांचे कळप या साथीने जवळजवळ नाहीसे केले.

गाईला लस टोचता येते. पण हजार किलो वजनाच्या रानगव्याला सुई कोण टोचणार? उपाय गोठ्यातच शोधावा लागला. पुण्यात १८८९ साली निघालेली प्रयोगशाळा पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथे १९२७ साली एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू शेळ्यांच्या शरीरात पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला व त्याची लस बनविली. १९५४ पासून देशभर गुरांना लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. गोठे निरोगी झाले, तशी रानातील साथही थांबली. भारतात हा रोग शेवटी १९९५ साली आढळला. २०११ मध्ये तो साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.