विश्लेषण : शिडाच्या नौकेवर सुकाणूपाशी एवढ्या तारा कशासाठी? एक चुकीची जोडणी नौकेची दिशा कशी चुकवते?

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोन अधिकारी ‘आयएनएसव्ही तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातूनच निघालेली ही मोहीम जवळपास आठ महिने चालली. अशी नौका पुढे जाते ती वाऱ्यावर. मात्र ती कुठे आहे, पाणी किती खोल आहे आणि अंधारात समोरून कोणते जहाज येते आहे, हे सांगणारी उपकरणे बॅटरीवर चालतात. ही उपकरणे बंद पडण्याचे कारण बऱ्याचदा महागड्या पडद्यात नसते; ते स्वस्त तारेत आणि तिच्या सांध्यात असते.

सुकाणूपाशी कोणती उपकरणे असतात?

आधुनिक शिडाच्या नौकेत सुकाणूच्या चाकासमोर साधारण पाच गोष्टी आढळतात. सागरी नकाशा आणि जीपीएस एकत्र दाखवणारा चार्टप्लॉटर, वाऱ्याची दिशा-वेग, पाण्याची खोली व नौकेची गती दाखवणारे छोटे पडदे, स्वयंचलित सुकाणूचे म्हणजे ऑटोपायलटचे बटणफलक, व्हीएचएफ रेडिओ आणि पारंपरिक चुंबकीय होकायंत्र. यांपैकी फक्त होकायंत्राला विजेची गरज नसते, रात्रीचा छोटा दिवा सोडला तर. या साऱ्यांच्या तारा चाकाच्या खांबातून किंवा त्याभोवतीच्या पोलादी नळीतून खाली उतरतात आणि केबिनमधील वीजफलकाकडे जातात. त्याच खांबात सुकाणूची साखळी आणि दोर फिरत असतात. नीट न बांधलेली तार त्यात अडकली तर ती घासून तुटते किंवा चाकच अडवते. सुकाणूची यंत्रणा किती मोलाची असते हे ‘तारिणी’च्या पहिल्या प्रदक्षिणेत दिसले होते. त्या यंत्रणेतील बिघाडामुळे २०१८ मध्ये नौकेला मॉरिशसला थांबावे लागले होते. म्हणूनच तारा ओवताना साखळीची तपासणी व दुरुस्ती करायला हात जाईल एवढी जागा मोकळी ठेवतात.

तार किती जाड हवी?

बहुतेक नौकांवर १२ व्होल्टची यंत्रणा असते. घरातल्या २३० व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट कमी झाला तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टमध्ये मात्र तो चार टक्क्यांहून अधिक होतो. दिशादर्शक उपकरणांसाठी ही घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.३६ व्होल्टपेक्षा कमी असावी असा दंडक आहे.

उदाहरणार्थ, वीजफलकापासून सुकाणू आठ मीटरवर आहे आणि तेथील उपकरणे मिळून पाच अँपिअर घेतात. वीज जाते आणि परतही येते, त्यामुळे तारेची लांबी १६ मीटर धरावी लागते. घरात सर्रास वापरली जाणारी अडीच एमएमची तार घेतली तर घट सुमारे ०.५६ व्होल्ट होते. चार एमएमची घेतली तर ती ०.३५ व्होल्टवर येते. बॅटरी भरलेली असताना हा फरक जाणवत नाही. पहाटे तीन वाजता बॅटरी उतरलेली असते, लाट बसल्यावर ऑटोपायलटची मोटर एकदम जास्त वीज ओढते आणि नेमका तेव्हा प्लॉटरचा पडदा काळा होतो. उपकरण ‘खराब’ म्हणून बदलले जाते, दोष तारेतच राहतो.

तारही साधी चालत नाही. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे-काळे पडते आणि गंज प्लास्टिकच्या आवरणाखालून आत सरकत जातो. म्हणून प्रत्येक बारीक धाग्यावर कथिलाचा मुलामा असलेली तार वापरतात. सांध्यासाठी केवळ डाख पुरेसा मानत नाहीत. डाख दिलेल्या जागी तार कडक होते आणि सततच्या हादऱ्याने तिथेच मोडते. योग्य मापाची टोपी दाबून बसवणे आणि वरून आतून चिकटणारी, तापवल्यावर आकसणारी नळी चढवणे ही रूढ पद्धत आहे. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण तो आधी तारेला आगीपासून वाचवण्यासाठी असतो.

उपकरणे एकमेकांशी कशी बोलतात?

पूर्वी प्रत्येक उपकरणाची दुसऱ्याशी स्वतंत्र तारजोडणी करावी लागे. आता बहुतेक नव्या नौकांवर ‘एनएमईए २०००’ हे जाळे असते. मोटारगाड्यांतील कॅन तंत्रावर ते आधारलेले आहे. एक मुख्य तार नौकेतून जाते, तिला टी आकाराचे जोड असतात आणि प्रत्येक जोडातून एक फांदी उपकरणाकडे जाते. फांदी सहा मीटरपेक्षा लांब चालत नाही. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लागतो; एकही कमी किंवा जास्त नको. तो नसेल तर संदेश टोकावरून उलटे परततात आणि आकडे मधूनच गायब होतात. तपासणी सोपी आहे. जाळ्याची वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मीटर लावला तर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक उघडे आहे.

या जाळ्यातील सर्वांत महत्त्वाची, पण अनेकदा राहून जाणारी जोडणी म्हणजे जीपीएस ते व्हीएचएफ रेडिओ. रेडिओवरचे लाल बटण दाबले की चॅनल ७० वर संकटसंदेश आपोआप जातो. त्यात नौकेचा नऊ अंकी क्रमांक असतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. नौका कुठे आहे हे मात्र रेडिओला जीपीएसकडून मिळाले तरच त्यात जाते. जोडणी नसेल आणि हाताने आकडे भरलेले नसतील, तर ‘आम्ही बुडतो आहोत’ एवढेच कळते, कुठे ते कळत नाही.

होकायंत्राशी याचा काय संबंध?

वीज वाहणाऱ्या प्रत्येक तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. पाच अँपिअर वाहणारी एकटी तार होकायंत्रापासून १० सेंटिमीटरवर असेल तर तिचे क्षेत्र १० मायक्रोटेस्ला भरते. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीचे आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे प्रतिकूल स्थितीत सुई जवळपास १५ अंश हलू शकते. एका अंशाची चूक ६० सागरी मैलांत सुमारे एक मैल बाजूला नेते. १५ अंशांत ती १५ मैलांहून अधिक होते. ध्रुवाच्या दिशेने जाताना पृथ्वीचे हे आडवे बल कमी होते, त्यामुळे तीच तार तिथे आणखी घोळ घालते.

मुंबईला हा धडा शंभर वर्षांपूर्वी मिळाला आहे. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार, हे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. नौकेवर होकायंत्र अलिबागला नेता येत नाही. म्हणून धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. दोन्हींतील प्रवाह उलट दिशेने वाहत असल्याने क्षेत्रे एकमेकांना जवळपास खोडून काढतात. स्पीकर असलेला रेडिओ उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर बसवतात. ऑटोपायलटचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असते. तेही इंजिन, लोखंड आणि जाड तारांपासून दूर हवे. काम संपल्यावर प्रत्येक उपकरण सुरू-बंद करून सुई हलते का ते पाहणे, ही पाच मिनिटांची चाचणी चुकवू नये अशी आहे.

सारेच बंद पडले तर?

नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत ‘तुरीया’ नौकेवर एकटे होते. या शर्यतीत जीपीएसच्या आधारे नौकानयनाला मनाई असते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. नौकेच्या वायरिंगवर अवलंबून नसलेली, स्वतंत्र संकटसूचक व संदेश यंत्रे तेव्हा उपयोगी पडली.

डोलकाठी पडली की तिच्या टोकावरचा रेडिओचा अँटेना आणि वारामापकही जातात. त्यामुळे जोडणीचा आराखडा करतानाच वेगळा विचार करावा लागतो. राखीव अँटेना, स्वतःची बॅटरी असलेला हातातला रेडिओ आणि जीपीएस, कागदी नकाशे हे सारे मुख्य यंत्रणेपासून वेगळे ठेवतात. ऑटोपायलट आणि प्लॉटर यांना वेगवेगळे फ्यूज देतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा चालू राहतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतात आणि आराखड्याची प्रत नौकेवर ठेवतात. कारण किनाऱ्यावर तार ओवणारा कारागीर भर समुद्रात सोबत नसतो. तिथे डोक्यावर टॉर्च बांधून, हेलकावे खात, ती तार शोधायची असते नौकेवरच्या माणसालाच.