शेगडीवरील निळी ज्योत

हिंवाळ्याच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल फार जुनी आहे. कोळसे फुलले, धूर निघेनासा झाला, म्हणजे धोका टळला असें घरोघरीं मानलें जातें. वस्तुतः धोक्याचा आरंभ पुष्कळदां याच वेळीं होतो. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून तो माणसाला सावध तरी करतो. परंतु फुललेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास.

हा वायु उत्पन्न कसा होतो? कोळसा म्हणजे बहुतांशीं कार्बन. शेगडीच्या खालच्या भागांत हवा भरपूर शिरते. तेथें कार्बनच्या एका अणूशीं प्राणवायूचे दोन अणू संयोग पावतात व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढतांना लाल निखाऱ्यांमधून जातो, तेव्हां निखारे त्याच्याजवळचा प्राणवायूचा एक अणू हिरावून घेतात आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांच्या माथ्यावर ज्या निळसर ज्योती नाचतांना दिसतात, त्या याच वायूच्या ज्वलनाच्या होत. जो भाग असा जळतो, त्याचा पुन्हां कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेला भाग मात्र खोलींतील हवेंत मिसळतो.

आतां रक्ताकडे वळावें. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत सुमारें ५० लक्ष तांबड्या पेशी असतात. त्यांतील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूंत लोहाचे ४ अणू असतात व प्रत्येक लोह-अणू प्राणवायूचा एक रेणू उचलतो. फुप्फुसांत ओझें उचलावें आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत तें उतरवावें, असें हें हमालाचें काम आहे. हमालाला ओझें उचलतां येऊन भागत नाहीं, तें वेळेवर टाकतांही आलें पाहिजे. प्राणवायूची पकड सैल असते, म्हणूनच हा व्यवहार चालतो.

कार्बन मोनॉक्साइडही त्याच लोहाला जाऊन चिकटतो; पण त्याची पकड प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट असते. हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१. तेव्हां हवेच्या १००० भागांत या वायूचा अवघा १ भाग असला, तरी पुरेशा वेळानें रक्तांतील जवळजवळ निम्म्या जागा तो बळकावतो. इतकेंच नव्हे, तर उरलेल्या जागांवरील प्राणवायुही मग सहजासहजीं सुटत नाहीं. भरल्या हवेंत शरीर उपाशी राहतें.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या विषाचा रक्ताशीं असलेला संबंध उलगडून दाखविला. पुढें १८९५ मध्यें जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायु स्वतः हुंगून आपल्या शरीरावरील परिणामांची नोंद केली. खाणींत लहान प्राणी बरोबर न्यावेत, ही सूचनाही त्यांचीच. कारण लहान जीवाचा श्वास जलद असल्यानें विषाची बाधा त्याला आधीं होते.

डोकें जड होणें, मळमळ, घेरी, हातापायांतील बळ जाणें हीं या बाधेचीं पहिलीं लक्षणें. तीं थकव्याचीं समजून माणूस अंथरुणावर पडतो, आणि झोपेंतच शुद्ध हरपते. या वायूनें भारलेलें रक्त लालभडक असतें, त्यामुळें चेहऱ्यावरूनही संकट ओळखूं येईलच असें नाहीं.

शेगडीजवळ पाण्याचें भांडें ठेवल्यानें कांहीं साधत नाहीं, कारण हा वायु पाण्यांत फारच थोडा विरघळतो. निजण्यापूर्वीं शेगडी खोलीबाहेर काढावी, हाच खरा उपाय. आजच्या घरांत शेगडीची जागा कोठें कोठें बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनें घेतली आहे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या त्या ज्योतीलाही हाच नियम लागू पडतो. बाधा झालेल्यास तत्काळ उघड्या हवेंत आणून रुग्णालयांत न्यावें. साध्या हवेंत रक्तांतील निम्में विष उतरण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तेंच काम सुमारें सव्वा तासांत होतें.