अंतर तेवढेच, वेळ मात्र निराळा

मुलगा किंवा मुलगी लंडनला असली, की विमान इथून केव्हा सुटते आणि तिकडे केव्हा पोचते, याचा हिशेब घरात सुरू होतो. समजा, हिवाळ्यातल्या तिकिटावर लिहिले आहे : मुंबई दुपारी १, लंडन संध्याकाळी ५-३०. म्हणजे साडेचारच तास की! पण तसे नाही हो. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. तेव्हा हा प्रवास झाला दहा तासांचा.

आता अंतर पाहू. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर आठ तास पुरे. मग वरचे दोन तास गेले कुठे?

त्यातला मोठा वाटा वाऱ्याचा. खाडीत होडी वल्हवणाऱ्याला विचारा. भरती पाठीशी असली की तो झटकन पोचतो. तीच समोरून आली की तीच खाडी लांबते. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिकच जोर धरतात. लंडनला जाणाऱ्या विमानाला ते समोरून लागतात. समजा, वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे. जाताना वेग उरला ८००, वेळ नऊ तास. येताना वेग झाला १,०००, वेळ सात तास बारा मिनिटे. गंमत पाहा, जाताना एक तास गेला, येताना ४८ मिनिटेच वाचली! कारण उलट्या वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो.

पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असे कित्येकांना वाटते. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही.

दुसरा वाटा मार्गाचा. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. सपाट नकाशावरची पट्टी सीरियाच्या आसपास जाते, तर दोरा त्याच्या उत्तरेला, काकेशस पर्वताकडून काळ्या समुद्रावर आणि तिथून युक्रेनवर जातो. सर्वांत जवळची वाट ती. पण युद्धामुळे फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले आणि वळसा घेणे आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आज मध्ये न थांबता जाता येते, तरी वाट सरळच मिळेल असे नाही. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, उतरण्यासाठी आकाशात ताटकळणे, हेही प्रवासाच्या वेळातच धरतात.

म्हणून विमानात इंधन भरताना नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. त्या दिवशीचा वारा आणि त्या दिवशीची वाट पाहावी लागते. नेमलेल्या ठिकाणी उतरता आले नाही, तर दुसरा विमानतळ गाठण्याइतके इंधन लागते आणि त्याउपर आणखी अर्ध्या तासाचे राखून ठेवतात. प्रवाशांचे प्राण या हिशेबावर असतात.

आपणही तोच धडा घ्यावा. किलोमीटरला वेगाने भागून वेळ काढू नये. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा पाहावा. वाटेत दुसरे विमान पकडायचे असेल, तर हाताशी चांगली सवड ठेवावी. आणि घरी वाट पाहणाऱ्यांनी विमानाला तासभर उशीर झाला म्हणून घाबरून जाऊ नये. वर वारा समोरचा असेल.