गावतळे, वनराई आणि धावण्याची वाट

पोलीस व सैन्यभरतीच्या तयारीसाठी ग्रामीण भागातील असंख्य तरुण-तरुणी पहाटे धावण्याचा सराव करतात. सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावावे लागते. मैदानाअभावी हा सराव अनेकदा वाहनांच्या रस्त्यावर, अंधारातच होतो व अपघाताचा धोका पत्करावा लागतो. गावतळ्याचा काठ, वनराई व गायरान यांना जोडणारी मातीची वाट हा यावर अल्पखर्चाचा पर्याय होय.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या जलसाठे गणनेत देशात २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले, त्यांपैकी ९७.१ टक्के ग्रामीण भागातील होते. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत तळ्याचे किमान क्षेत्र एक एकर ठरविण्यात आले. एवढ्या गोलाकार तळ्याचा परीघ सुमारे २२५ मीटर भरतो. म्हणजेच सात फेऱ्यांत चाचणीचे अंतर जवळजवळ पूर्ण होते.

सामायिक मालमत्तेचा वापर थांबला की तिच्यावर अतिक्रमण होते. पंजाबमधील रोहर जागीर गावच्या तळ्याच्या जमिनीवरील अतिक्रमणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा जमिनी ग्रामस्थांना परत मिळवून देण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. नित्य वर्दळीची वाट ही अतिक्रमणाविरुद्धची स्वस्त राखण ठरते.

मात्र वाट आखताना गुराख्यांचा हक्क, महिलांची सुरक्षितता व बांधाची मजबुती यांचा विचार ग्रामसभेतच झाला पाहिजे. वनजमीन असल्यास वनविभागाची संमतीही आवश्यक ठरते. देखभालीची जबाबदारी गावाने स्वीकारल्यास तळे, झाडे आणि तरुणाई या तिन्हींचे हित एकाच वाटेने साधेल.