फोनमधला पाऊस येतो कोठून?

फोनवर ढगाचे चित्र दिसले की आपण म्हणतो, "आज पाऊस हाय." पण फोनला पाऊस मोजता येत नाही. मग हा अंदाज येतो कोठून?

उपग्रह, रडार आणि जमिनीवरील वेधशाळा यांच्या नोंदी मोठ्या संगणकांत जातात. संगणक साऱ्या पृथ्वीचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाचे हवामान गणिताने काढतो. युरोपीय केंद्राचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, अमेरिकेचा सुमारे १३ किलोमीटरचा. आपल्या हवामान खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या नव्या पद्धतीत तो ६ किलोमीटरचा आहे. फोनच्या कंपन्या असे अंदाज घेऊन आपापल्या रीतीने मांडतात. आयफोनवर २०१४ पर्यंत याहूची माहिती दिसे, मग वेदर चॅनेलची. २०२२ पासून अ‍ॅपलची स्वतःची सेवा आहे. म्हणूनच दोन फोन दोन गोष्टी सांगतात.

एका चौकोनात दोन-चार गावांची शिवारे सहज बसतात. वळवाची सर बांधाच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे त्यातून कळत नाही.

तेव्हा फवारणीआधी हवामान खात्याच्या 'मेघदूत' अ‍ॅपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला पाहा. तो मंगळवारी व शुक्रवारी निघतो. पेरणी मात्र फोनमधल्या ढगावर करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेला, ओल खोलवर उतरली, मगच तिफण धरा. नाहीतर बी मातीत जाते आणि दुबार पेरणी बोकांडी बसते.