खव्याच्या कढईतले रसायन

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा म्हणजे निव्वळ आटवलेले दूध, असे कुणालाही वाटेल. दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पण नुसते पाणीच उडाले असते, तर खव्यात पाणी कालवून पुन्हा ताजे दूध मिळाले असते. तसे होत नाही, कारण आचेवर दुधातले रेणूच बदलतात. अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. दुग्धशर्करेचा प्रथिनांशी संयोग होतो; लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या या अभिक्रियेतून खमंग वास आणि तांबूस छटा येते. स्निग्धांश मऊपणा देतो. पेढ्याची गोडी साखरेने वाढते हे खरे, पण खव्याचा खमंगपणा दुधातल्या रेणूंचाच. दुधात स्टार्च नसतो. म्हणूनच पिठाची भेसळ आयोडीनच्या थेंबाने निळी पडून उघडी होते.