छोट्या स्टेशनच्या छपराखाली

शाळेच्या प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती मांडलेली तुम्ही पाहिली असेल. रूळ असतात, सिग्नल असतो, पुठ्ठ्याचे सुबक स्टेशन असते. बहुतेक मुले गाडीकडे पाहतात. पण एखादे चौकस पोर गुडघे टेकून बसते आणि स्टेशनच्या खिडकीला डोळा लावते. आत काय दिसते? काळोख आणि डिंकाचे ओघळ! पोर उठते आणि पुढच्या टेबलाकडे जाते. त्याचा असा हिरमोड होऊ नये म्हणून इमारतीच्या आतले सामान कसे करावे आणि मुळात ते का करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी ‘का’ ते पाहू. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला. तिकडच्या व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्यातली खेडी त्याच्या मनात भरली. पण त्याच्या डोळ्यांदेखत जुन्या घरांची गवती छपरे उतरत होती आणि त्यांच्या जागी ॲस्बेस्टॉसची कौले चढत होती. ही घरे आपल्याला वाचवता येणार नाहीत. पण जशीच्या तशी लहान करून ठेवता येतील, असे त्याने ठरवले. मापे घ्यायची, नोंदी करायच्या आणि एका फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने पुठ्ठ्याचे घर उभे करायचे, असे काम त्याने चालवले. त्यातूनच १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम या गावी पेंडन संग्रहालय सुरू झाले. तिथल्या काही इमारतींच्या आतही सामानसुमान मांडलेले आहे. पाहणाऱ्याला खिडकीतून दिसते ते बोटभरच. पण तेवढ्याने घर ‘राहते’ वाटते.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रुळांची लहान रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे तिचे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचले. नंतर या साऱ्या मार्गाचे रुंदीकरण झाले. सोय झाली, हे चांगलेच झाले. पण जुन्या स्टेशनांची छायाचित्रे तुम्ही पाहा. बहुतेक सारी बाहेरून काढलेली! आत टेबल कुठे होते, कंदील कोणत्या खुंटीला टांगत, हे सांगणार कोण? ते तिथे काम केलेल्या माणसांनाच ठाऊक. आणि माणसे काही कायमची राहत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, शाळेने आपल्या जवळचे एखादे जुने स्टेशन निवडावे आणि ते आतून करावे. आता ‘कसे’ ते सांगतो.

पहिली गोष्ट प्रमाणाची. आगगाडीच्या छंदात जगभर १:८७ हे प्रमाण फार चालते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहिलेत, तर अशा छोट्या जगाची कल्पना येईल. पण या प्रमाणात टेबलाची उंची नऊ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मुलांच्या बोटांना ते जमायचे नाही. शाळेसाठी १:५० बरे. हिशेबही सोपा, एक मीटरचे दोन सेंटिमीटर. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोली म्हणजे दहा बाय आठ सेंटिमीटर. पाऊण मीटर उंच टेबल दीड सेंटिमीटरचे. सव्वापाच-साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर साधारण सव्वातीन सेंटिमीटरचा. गणिताच्या तासाला हीच उदाहरणे घातली तर मुले कंटाळायची नाहीत.

दुसरी गोष्ट भिंतीची. इथे हटकून चूक होते. जुन्या दगडी भिंती दीड-दीड फूट जाड असत. दीड फूट म्हणजे आपल्या मापाने नऊ मिलिमीटर. पण आपण दोन मिलिमीटरचा पुठ्ठा लावतो आणि खिडकी कापतो. मग ती खिडकी कागदाला पाडलेल्या भोकासारखी दिसते. यावर उपाय असा की भिंत दुहेरी करावी. बाहेरचा आणि आतला असे दोन पुठ्ठे, मध्ये पोकळी, आणि खिडकी-दारांच्या कडांना आडव्या पट्ट्या चिकटवून ती पोकळी बंद करावी. खिडकीला खोली आली की अर्धे काम झालेच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट अशी की, छप्पर कधीही चिकटवू नका. ते डब्याच्या झाकणासारखे उचलता आले पाहिजे. आतली जमीनही वेगळ्या पुठ्ठ्यावर करा. सारे सामान तिच्यावर बाहेरच मांडा, रंगवा आणि मग अलगद आत सरकवा. भिंती उभ्या झाल्यावर चिमट्याने आत खुर्ची ठेवायला जाल, तर खुर्ची बसेल पण टेबल पडेल!

आता उजेड. एक पांढरा-पिवळसर एलईडी दिवा, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोहोंच्या ओळीत एक हजार ओहमचा रोध एवढे पुरे. दिव्याचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे येऊ द्या. रोधाशिवाय दिवा जोडू मात्र नका, तो लगेच जळेल. मी पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा भिंतींतूनच उजेड झिरपला आणि माझ्या स्टेशनचा झाला आकाशकंदील! तेव्हापासून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आधी काळा रंग देतो आणि त्यावर चुन्याचा पांढरा. कोपऱ्यांच्या फटीही काळ्या कागदाने बुजवतो.

राहिले सामान. सगळेच करायला जाऊ नका. खिडकीला डोळा लावा, जे दिसेल तेवढेच करा. भिंतीवरचे घड्याळ, लोखंडी तिजोरी, हिरवी-तांबडी निशाणे, हातकंदील आणि तिकिटांचे कपाट. जुनी पुठ्ठ्याची तिकिटे सुमारे सत्तावन्न मिलिमीटर लांब आणि तीस मिलिमीटर रुंद असत. आपल्या मापात ती मोहरीएवढी होतील. म्हणून एकेक तिकीट करू नये. रंगीत कागदावर बारीक रेघा मारून तो कपाटाच्या खणांत बसवावा. दुरून गड्ड्याच दिसतात.

एक वस्तू मात्र चुकवू नका. एकेरी मार्गावरच्या पुष्कळ स्टेशनांत गोळ्याचे यंत्र असे. शेजारच्या दोन स्टेशनांतली अशी दोन यंत्रे तारेने एकमेकांशी बांधलेली. पुढच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून पोलादी गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असताना कोणत्याच यंत्रातून दुसरा निघत नसे. तो गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचे नाही. त्यामुळे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येत नसत. बाहेरून दिसतो तो सिग्नल. पण गाडी सुखरूप जाते ती या खोलीतल्या व्यवस्थेमुळे. खिडकीतून हे यंत्र दिसले की पोर विचारणारच, ‘हे काय हो सर?’ तेव्हा आपला धडा सुरू होतो.

हे यंत्र कुठे होते, खुर्ची कोणत्या भिंतीला होती, हे मनाने ठरवू नका. गावात एखादे निवृत्त स्टेशनमास्तर किंवा पॉइंट्समन असतील. मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, ‘आजोबा, रात्रपाळीला तुम्ही कुठे बसत होता?’ म्हणून विचारावे आणि त्यांच्याकडूनच खोलीचा नकाशा काढून घ्यावा. प्रतिकृती तयार झाली की पहिल्यांदा त्यांनाच बोलवावे. ते एखादी खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवतील. ठेवू द्या, ती तिथेच असणार.

आणि शेवटी छपराच्या आतल्या बाजूला शाईने तीन गोष्टी लिहा. माहिती कोणी सांगितली, मापे कोणी घेतली आणि तारीख. पुढे कोणी छप्पर उचलील, त्याला ते वाचता येईल.